माझ्या नावाचं नाटक

१४ सप्टेंबर १९७४

एव्झेनला सर्दी झाली आहे. ही बातमी आज मला तिघांनी दिली. अल्झबेतानं थिएटरच्या जिन्यात, दबक्या आवाजात. लुबोरनं कँटीनमध्ये, सूप ढवळत. आणि घरी आलो तर व्लास्ता मधाची बरणी कागदात गुंडाळत होती. म्हणाली, एव्झेनला पोचती करते, दिवसभर ओल्यात उभा असतो बिचारा.

मला महिनाभर खोकला आहे. बायकोनं मला मध विचारला नाही.

एव्झेन ह्राडिल ब्रनोच्या डेपोत ट्रामगाड्या धुतो. सहा वर्षांपूर्वी तो या शहरातला पहिल्या नंबरचा नाटककार होता आणि मी दुसऱ्या. मग रशियाचे रणगाडे आले. मग त्या बैठका सुरू झाल्या — एकेकाला खोलीत बोलवायचं, तीन माणसं टेबलामागे, आणि प्रश्न एकच: मित्रदेशांच्या फौजा आपल्या मदतीला आल्या, असं आपल्याला वाटतं ना? मी हो म्हणालो. निम्मं शहर हो म्हणालं, अल्झबेतासुद्धा. एव्झेन म्हणाला, मदतीला येणारा माणूस आधी दार वाजवतो. झालं! नाटकं बंद, पुस्तकं वाचनालयातून बाहेर, हातात बादली आणि ब्रश.

तेव्हापासून तो पहिल्या नंबरवर कायमचा जाऊन बसला आहे. एक ओळ न छापता! माझं नाटक दरवर्षी होतं, जाहिरातीवर नाव ठसठशीत असतं, आणि माझ्या खोकल्याची बातमी कुणी कुणाला देत नाही.

असलं लिहून ठेवणं धोक्याचं आहे, कळतं मला. पण बोलू कुणाशी?

२२ सप्टेंबर

नाटक संपलं. गावाबाहेरच्या आमच्या लाकडी खोपटात, उन्हाळाभर, सफरचंदाच्या झाडाखाली बसून लिहिलं. कुणाला बोललो नाही. व्लास्ताला वाटलं, मी रेडिओसाठी काहीतरी खरडतोय.

नाव — 'रविवारचा पाहुणा'. एक कुटुंब. इमारतीचा रखवालदार आपल्यावर नजर ठेवतो आणि वर कळवतो, अशी त्यांची खात्री. म्हणून त्याला दर रविवारी जेवायला बोलावतात. तो यायच्या आधी सगळे मिळून तालीम करतात — आज काय बोलायचं, कुठे हसायचं, आजीनं कुठल्या विषयाला तोंड उघडायचं नाही. आणि तो? तो कुणाला काहीच कळवत नसतो. तो येतो कारण त्याला दुसरं कुणी बोलावत नाही. त्यांची पाठ केलेली वाक्यं त्याला खरी वाटतात. तो त्यांना जीव लावतो.

चांगलं झालंय. मला चांगलं ओळखता येतं. आजवर मी ते लिहिलं नव्हतं, एवढंच.

२६ सप्टेंबर

अल्झबेताला दिलं. आमच्या थिएटरची सगळी नाटकं वाचून निवडते ती. पेन्सिल कानावर खोचलेली. माझ्या आतापर्यंतच्या नाटकांत तिनं जितकं छाटलं तितक्यात आणखी दोन नाटकं झाली असती.

३ ऑक्टोबर

अल्झबेतानं बागेत बोलावलं, ऑफिसात नाही. तेव्हाच शंका यायला हवी होती. बाकावर बसली. डोळे लाल. संहिता पिशवीत, वर कोबी ठेवलेला. मी कागद काढून पाहिले — पेन्सिलीची एकही खूण नाही!

म्हणाली, "ओटा, हे कुणाचं आहे ते मी विचारणार नाही."

"माझं आहे."

"बरोबर. असंच म्हणायचं. कुणीही विचारलं तरी असंच, याच आवाजात."

मला कळायला क्षणभर लागला. मग डोक्यात प्रकाश पडला, आणि बरोबरच संतापाची तिडीकही गेली. छप्पर! आमच्या धंद्यात त्याला छप्पर म्हणतात. बंदी असलेला माणूस लिहितो आणि चालणारा माणूस त्यावर आपलं नाव चढवतो. मुलांची पुस्तकं अशी निघतात, भाषांतरं निघतात, ऑपेराची गाणीसुद्धा. सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी विचारत नाही. नावाच्या माणसानं शेवटपर्यंत 'माझंच' म्हणायचं, हा त्यातला पहिला नियम.

मी म्हणालो, अगं, खरंच माझं आहे, उन्हाळ्यात खोपटावर लिहिलं. तिनं माझा हात दाबला. खोपट हे छान, म्हणाली, ते लक्षात ठेव. आणि एव्झेनच्या बऱ्याच जुन्या खोडी ओळखू आल्या तिला — विशेषतः दुसऱ्या अंकात!

आता तिथे ओरडून सांगता आलं असतं. पण ती रडत होती. माझ्या लिखाणावर ती कधी रडली नव्हती. मला ते थांबवावंसं वाटेना.

४ ऑक्टोबर

व्लास्ताला सांगितलं, नाटक घेतलं. ती म्हणाली, "कळलं मला." काय कळलं?

१९ ऑक्टोबर

कळलं काय ते कळलं. आज आलुबुखारे भरून उकडलेले गोळे केले होते तिनं, वर खसखस आणि वितळलेलं लोणी, आणि आज रविवारही नव्हता. समोर बसून मला खाताना बघत राहिली. मग म्हणाली की अल्झबेतानं तिला काही सांगितलेलं नाही, तीही मला काही विचारणार नाही, पण इतक्या वर्षांत माझ्याबद्दल असा अभिमान तिला कधी वाटला नव्हता.

मी काटा खाली ठेवला. व्लास्ता, ते मी लिहिलंय, म्हणालो. तिनं उठून माझ्या कपाळाचा मुका घेतला. "हो रे राजा. तूच."

सगळे गोळे खाल्ले. चहात मध घालून दिला. जे केलं नाही त्याची शाबासकी मिळतेय, आणि जे केलं ते एव्झेनच्या खात्यावर. पण बायको दहा वर्षांनी माझ्याकडे अशी बघत होती! हे बघणं तरी माझं म्हणावं की तेही त्याचंच?

६ नोव्हेंबर

तालमी सुरू. लुबोर बसवतोय, आणि पाहुण्याचं कामही तोच करतोय. लुबोर म्हणजे आमच्या थिएटरचा सर्वांत मोठा नट आणि सर्वांत मोठा आळशी. माझ्या नाटकांत त्यानं वाक्यं कधी पाठ केली नाहीत. अर्थ तोच ना, मग झालं, म्हणायचा. आणि या वेळी? स्वल्पविरामापाशी श्वास घेतो!

आज मला तिसऱ्या अंकातलं एक वाक्य बदलायचं होतं. आजीच्या तोंडी जरा जड झालंय. मी उठून सांगितलं. लुबोर मला बाजूला पडद्यामागे घेऊन गेला, खांद्यावर हात ठेवून. म्हणाला, "ओटा, तू मोठं काम करतोयस, सगळ्यांना कदर आहे. पण मजकुराला हात नको लावूस. तो आपला नाही."

आपला नाही!

मग जाता जाता — "त्या आजीला पाहुण्याचा खरंच राग येतो का, की नाटक करते? जरा विचारून सांग ना."

मी म्हणालो, विचारून सांगतो. काय करणार? ट्रामच्या थांब्यापर्यंत जाऊन आलो आणि सांगितलं, खरंच येतो. लुबोर खूश. म्हणाला, वाटलंच मला, हे त्याच्याच डोक्यातून निघू शकतं.

७ नोव्हेंबर

ते आजीचं वाक्य खरोखरच जड आहे. कुणालाही विचारा.

१२ डिसेंबर

डेपोत गेलो. धीर धरवला नाही.

एव्झेन रबरी बूट घालून चार नंबरची ट्राम धूत होता. नाक लाल, मिशा पांढऱ्या झाल्यात. हा माणूस कितीही भिजला तरी रुबाबदार दिसतो, ही एक देणगीच आहे. मी कोरड्या कोटातही कारकून दिसतो. मला बघून त्यानं पाण्याचा नळ बंद केला आणि म्हणाला, तुझीच वाट बघत होतो.

त्याच्याकडेही तेच चाललंय! लोक डेपोच्या फाटकाशी येतात, त्याचे हात हातात घेतात. दुकानातली बाई त्याला मटणाचा चांगला तुकडा खालून काढून देते. तो सांगतो, माझं नाही हो, ओटा कुबेशनं लिहिलंय. ते डोळे मिचकावतात — बरोबर, असंच म्हणायचं!

आम्ही दोघं हसायला लागलो. ट्रामला टेकून, पोट धरून. सहा वर्षांत असे हसलो नव्हतो. एक काम करणारी बाई डोकावून गेली, तिला वाटलं आम्ही प्यायलोय.

मग तो म्हणाला, "प्रत्येकाला नाही म्हणतो, ओटा. शपथेवर. पण आता नाही म्हणायचाही कंटाळा येतो."

मी म्हणालो, पहिल्या प्रयोगाला ये. अल्झबेता वर दिव्यांच्या खोलीत बसवील. तो नको नको म्हणाला आणि मग हो म्हणाला. घरी येताना वाटलं, निदान एक माणूस तरी माझं म्हणून बघेल. आणि तो नेमका एव्झेन! त्याच्यासाठीच तर लिहिलं होतं सगळं. म्हणजे, त्याला जळवायला.

२३ डिसेंबर

बाथटबमध्ये नाताळच्या जेवणासाठी आणलेला कार्प मासा पोहतोय, आंघोळ बंद. एव्झेनकडे तीन कार्प आलेत म्हणे, लोकांनी आणून दिलेले.

१८ जानेवारी १९७५

काल पहिला प्रयोग झाला.

सुरू होण्याआधी विंगेत लुबोर आला. आमच्यात पहिल्या प्रयोगाला शुभेच्छा द्यायची ती 'मान मोडो तुझी' अशीच. लुबोरनं मिठी मारली, म्हणाला मान मोडो, आणि मग कानात — "दोघांची."

काय सांगू! असं थिएटर मी पाहिलं नव्हतं. खुर्च्यांमधल्या वाटेतही माणसं उभी होती. दुसऱ्या अंकात कुटुंब तालीम करतं तेव्हा लोक इतके हसले की नटांना थांबावं लागलं. मग पाहुणा आला. त्यानं कोट काढला, हात धुतले, आणि सुनेनं पाठ केलेलं वाक्य म्हटलं — आम्ही तुमची आठवडाभर वाट बघतो. लुबोरनं चमचा खाली ठेवला. बोलेना. त्याच्या खांद्यांवरून कळलं की तो रडतोय. सगळ्या थिएटरात कुणी खोकलंसुद्धा नाही. मीसुद्धा नाही!

शेवटी टाळ्या थांबेनात. लेखक, लेखक अशा हाका आल्या. मी विंगेतून पुढे झालो. नवा टाय, व्लास्तानं बांधलेला. कमरेत वाकलो. वर बघतो तर लोक माझ्याकडे बघतच नाहीत! लुबोरनं हात उंच करून मागे वर दिव्यांच्या खोलीकडे दाखवला होता आणि सगळं थिएटर माना वळवून त्या काळ्या काचेकडे टाळ्या वाजवत होतं. काचेमागे काही दिसत नव्हतं. तरी वाजवत होतं.

मी त्यांच्या पाठींना नमस्कार केला.

नंतर पावाचे सजवलेले तुकडे आणि वाइन. प्रत्येकानं माझा हात दाबला. कुणीही 'काय सुंदर लिहिलंयस' म्हणालं नाही. सगळे म्हणाले, "धाडसी आहेस."

१९ जानेवारी

एव्झेन घरी आला होता, मध परत द्यायला — म्हणजे रिकामी बरणी. व्लास्ता बाहेर गेली होती. स्वयंपाकघरात बसलो.

तो रिकामी बरणी टेबलावर फिरवत बसला. मी वाट बघत होतो, एखाद्या शाळकरी पोरासारखा. शेवटी म्हणाला, "दुसऱ्या अंकातलं ते टेबल. कसं सुचलं तुला?"

मी म्हणालो, सुचलं. आमच्या इमारतीच्या रखवालदारावरून.

आमच्याही इमारतीला रखवालदार आहे, म्हणाला.

मग त्यानं ते सांगितलं. सहा वर्षांत त्यानं एक पान लिहिलेलं नाही. रोज संध्याकाळी कागद घेऊन बसतो. लोक समजतात त्याच्या ड्रॉवरमध्ये पाच-सहा नाटकं पडून आहेत, योग्य दिवसाची वाट बघत. ड्रॉवरमध्ये मोजे आहेत. कुणाला सांगू शकत नाही, कारण लोकांना त्या नाटकांचा इतका आधार वाटतो.

मला वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण तो गेल्यावर मी भांडी घासताना शीळ घालत होतो, हे इथे लिहून ठेवतो. कुणीतरी खरं लिहायला हवं.

११ फेब्रुवारी

सांस्कृतिक विभागातून बोलावणं. चौथ्या मजल्यावर कॉम्रेड ब्राझदा. मला वाटलं होतं दगडी चेहरा असेल. हा गोल, घामट, खिडकीत कांदे मोड आणायला ठेवलेले. कॉफी दिली.

'रविवारचा पाहुणा' बंद होणार, ते ठरलंच आहे, म्हणाला. रखवालदार म्हणजे कोण, टेबलावरची भीती म्हणजे कुठली, हे न कळण्याइतकं कुणी मूर्ख नाही. प्रश्न एवढाच की लेखक कोण. नाटक ह्राडिलचं असेल तर मी फसलेला माणूस. एक कागद आहे, त्यावर सही करायची — ह्राडिलनं संहिता दिली, मैत्रीखातर नाव लावलं, चूक झाली. माझं पुढचं नाटक शरद ऋतूत ठरल्याप्रमाणे होईल. ह्राडिलचं काय ते न्यायालय बघेल. वर्ष-दीड वर्ष.

आणि माझं असेल तर? तर सरकारनं ज्याला पंधरा वर्षं पोसलं त्यानं हे केलं. मग कुठल्याच थिएटरात नाही. कुठेच नाही.

मी म्हणालो, "माझं आहे."

तो हसला. वाईट हसला नाही, तेच जास्त लागलं. "कॉम्रेड कुबेश, तुमची सगळी नाटकं मी बघितलीयत. नोकरीच आहे माझी. हे तुमचं नाही."

शुक्रवारपर्यंत विचार करा, म्हणाला.

१२ फेब्रुवारी

व्लास्तानं काही विचारलं नाही. तिचा विश्वास आहे की मी सही करणार नाही. त्या विश्वासाचा मला राग येतो. कारण तिला वाटतं, मी एव्झेनला वाचवतोय.

मी खरं काय ते लिहितो. सही केली तर एव्झेन आत जाईल. ते मला नको आहे, इतका मी वाईट नाही. पण दिवसभर मनात जे घोळतंय ते हे नाही. सही केली तर नाटक त्याचं होईल! कोर्टाच्या कागदावर, शिक्का मारून, कायमचं. तो आत बसेल आणि बाहेर सगळं शहर 'ह्राडिलचं नाटक' म्हणून उसासे टाकील. सगळं घेतलंयस बाबा तू — मान, मध, मासे, माझ्या बायकोचे डोळे. हे मी देणार नाही.

१४ फेब्रुवारी

पुन्हा चौथा मजला. कांद्यांना हिरव्या पाती फुटल्यात.

सही करणार नाही, म्हणालो. ब्राझदानं सुस्कारा टाकला. माझं काम अवघड करू नका, म्हणाला, तुम्ही मित्रासाठी मरायला निघालायत. मी म्हणालो, मित्रबित्र काही नाही, त्याचा आणि माझा पहिल्यापासून उभा दावा आहे. हे माझं आहे! माझा आवाज चढला होता. तो माझ्याकडे जरा वेगळं बघायला लागला.

मग त्यानं समोर कोरे कागद सरकवले. म्हणाला, असं असेल तर लिहा. नाटक संपल्यावर पुढच्या रविवारी त्या घरात काय होतं? इथे बसा. मी कांद्यांना पाणी घालतो.

मी लिहिलं. पुढच्या रविवारी पाहुणा येत नाही. सगळं मांडलेलं. आधी त्यांना सुटल्यासारखं वाटतं. मग सासरा म्हणतो, आता काय बोलायचं? त्यांना कुणालाच काही सुचत नाही. शेवटी सून उठते, पाहुण्याची बशी वाढते, आणि रिकाम्या खुर्चीला म्हणते, आम्ही तुमची आठवडाभर वाट बघतो. सगळे आपापली पाठ केलेली वाक्यं म्हणायला लागतात. या वेळी ती खरी असतात.

ब्राझदानं उभ्यानं वाचलं. मध्ये एकदा हसला — सासऱ्याच्या वाक्याला, मी हसवायला लिहिलं होतं तिथेच! मग खुर्ची ओढून बसला आणि शेवटचं पान पुन्हा वाचलं.

"हा पाहुणा येतो तो जेवणासाठी नाही ना?"

"नाही."

"मलाही वाटलं नव्हतं," म्हणाला. चष्मा पुसला. "तुमचंच आहे, कॉम्रेड कुबेश. मला फार वाईट वाटतं."

सगळ्या ब्रनोत पहिला माणूस. आणि तो हा! जिना उतरताना मी रडत होतो. दारावरच्या शिपायाला वाटलं, बंदीमुळे.

२० फेब्रुवारी

थिएटरवरची जाहिरात उतरवली. माझी नोकरी गेली. शरद ऋतूतलं नाटक गेलं. जुनी नाटकंही गेली, अगदी ते बीटवाल्या शेतकऱ्यांवरचंसुद्धा, जे मलाच बघवत नसे.

१ मार्च

मला सर्दी झाली आहे. सगळ्या ब्रनोला माहीत आहे!

मधाच्या चार बरण्या. लुबोरनं डुकराची चरबी आणून दिली, घरची, कांदा घालून कढवलेली. अल्झबेता आली आणि माझ्यासमोर उभी राहून नुसती रडली. गल्लीतला न्हावी पैसे घेत नाही. कारण गावभर बोललं जातंय — कुबेशनं ह्राडिलचं नाटक शेवटपर्यंत आपल्या अंगावर घेतलं. चौथ्या मजल्यावरसुद्धा 'माझंच' म्हणाला. ह्राडिलला वाचवलं आणि स्वतः बुडाला.

व्लास्ता आता रस्त्यात माझा हात धरून चालते. काल मी पुन्हा एकदा प्रयत्न केला. तो नवा प्रवेश तिला तोंडी सांगितला, ब्राझदासमोर लिहिलेला. ती ऐकत राहिली, डोळे भरून आले तिचे. म्हणाली, "एव्झेननं तुला कधी दिला हा?"

आता पुन्हा सांगणार नाही.

१० मार्च

आजपासून डेपोत. मला दुसरं कुणी घेईना. रबरी बूट एक नंबर मोठे. एव्झेन शेजारच्या रुळावर, तो पुढून धुतो, मी मागून. दुपारी त्यानं मला नवा प्रवेश म्हणायला लावला. मी म्हटला. त्यानं पाण्याचा नळ बंद करून ऐकला. मग विचारलं, "कसं सुचलं?"

मी म्हणालो, समोर कांदे होते.

तो हसला नाही. दिवसभर फारसं बोलला नाही. मला वाटलं, माझं बघून वाईट वाटलं असेल त्याला.

२३ मार्च

रविवार. दुपारी अल्झबेताच्या घरी वाचन झालं, पडदे ओढून, शेजाऱ्यांना वाढदिवस म्हणून सांगून. तिच्या घरातल्या, शेजारच्या, स्वयंपाकघरातल्या सगळ्या खुर्च्या, तरी निम्मे लोक गालिच्यावर. लुबोरनं सगळं नाटक एकट्यानं वाचलं, नव्या प्रवेशासकट. मी भिंतीशी बसलो होतो, व्लास्ता खांद्याला टेकलेली. त्यानं शेवटचं पान खाली ठेवलं.

मग लुबोरनं पेला उचलला — "लेखकासाठी." सगळ्यांनी एव्झेनकडे पाहिलं.

मी त्याच्या 'नाही'ची वाट बघत होतो. तो दरवेळी म्हणतो. डेपोच्या फाटकाशी, दुकानात, सगळीकडे म्हणत आलाय. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. ते तोंड मला ओळखीचं होतं. रोज दाढी करताना आरशात मी तेच बघतो. मग तो हळूच उठला, छातीवर हात ठेवला, आणि वाकला.

एव्झेन ह्राडिल माझ्यावर जळतो. माझ्यावर!

मी टाळ्या वाजवल्या. सगळे थांबले तरी वाजवत होतो.